ताजी खबर कोणाची?

पोहरादेवी हे गाव वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात आहे. संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान आणि जगदंबेचे मंदिर यांमुळे बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेला विदर्भ-मराठवाड्यातून, तेलंगण, कर्नाटक आणि आंध्रातून लाखो भाविक इथे येतात. संगणकांच्या जाळ्यात मार्ग कसा ठरतो आणि तो ठरवण्याचे नियम जगभर एकसारखे कसे होतात, यावरच्या या पुस्तकाची प्रस्तावना मी याच गावापासून सुरू करतो आहे. मार्ग हा विषय इथे येणाऱ्या माणसांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या जगलेला आहे.

लदेणीच्या काळात बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून तांडे मुलूखभर फिरत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो सरेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावे लागे, असेही तो सांगतो. एवढी जनावरे घेऊन निघालेल्या नायकाला नुसती जवळची वाट काय कामाची? प्रत्येक मुक्कामाला पाणी आणि चारा मिळाला पाहिजे. पुढच्या मुक्कामाला पाणी आहे, असे कोणी सांगितले तर सांगणारा तिथून कधी निघाला होता, हेही विचारावे लागते. चैत्रात भरलेली विहीर वैशाखात आटलेली असू शकते.

वाटेचा खरा खर्च काय आणि खबर किती ताजी, हे दोन प्रश्न या पुस्तकाचा कणा आहेत. राउटर नावाच्या यंत्रांना हे प्रश्न नीट सोडवायला शिकवताना काही फार हुशार माणसांची चाळीस वर्षे गेली. ती कथा प्रामुख्याने ‘बेबल’ नावाच्या एका प्रोटोकॉलच्या आधाराने सांगायची आहे. हा प्रोटोकॉल आकाराने लहान आहे, त्याचा दस्तऐवज एखाद्या सुट्टीत वाचून होतो, आणि प्रयोग म्हणून सुरू झालेली एक रचना मानकापर्यंत कशी पोचते, हे त्यात टप्प्याटप्प्याने दिसते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि पुढच्या काही दशकांत रेल्वे व पक्क्या रस्त्यांनी लदेणीचा व्यवसाय मोडून काढला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या समाजांचे फिरणेच संशयास्पद ठरवले. वाटांचे जे ज्ञान नायकांच्या डोक्यात होते, त्याचा काही भाग गाण्यांत आणि गावांच्या नावांत राहिला. बाकीचे त्या माणसांबरोबर गेले. परक्या माणसाला वाचून जशीच्या तशी पुन्हा उभारता येईल, अशा रीतीने एखादी पद्धत लिहून ठेवणे किती महत्त्वाचे असते, हे मला या इतिहासावरून फार तीव्रतेने जाणवते. मानकीकरण म्हणजे मुळात तेच काम आहे.

आता यंत्रांकडे वळू. समजा, पोहरादेवी, मानोरा आणि कारंजा इथे एकेक राउटर आहे आणि ते एका ओळीत जोडलेले आहेत. बाहेरच्या जगाची जोडणी कारंजाला आहे. कोणत्याही राउटरकडे सगळा नकाशा नाही. प्रत्येकाला फक्त आपला शेजारी दिसतो आणि शेजारी जे सांगेल तेवढेच कळते. मानोरा म्हणतो, ‘कारंजा माझ्यापासून एक टप्पा.’ ते ऐकून पोहरादेवी आपल्या वहीत ‘दोन टप्पे’ असे लिहिते. या पद्धतीत प्रत्येक राउटर अंतर आणि दिशा एवढ्याच दोन गोष्टी जपतो. इंटरनेटवर ती रूढ करणारा ‘रिप’ हा प्रोटोकॉल चार्ल्स हेड्रिक यांनी जून १९८८ मध्ये आरएफसी १०५८ या दस्तऐवजात लिहून काढला. (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीच्या क्रमांकित दस्तऐवजांची खुली मालिका.)

मानोरा आणि कारंजा यांच्यामधली तार तुटली की खरी पंचाईत होते. मानोऱ्याला कळते की कारंजा गेला. तेवढ्यात पोहरादेवीची नेहमीची खबर येते, ‘कारंजा माझ्यापासून दोन टप्पे.’ हे दोन टप्पे आपल्याच अंगावरून जातात, हे मानोऱ्याला कळायला मार्ग नाही. तो आनंदाने तीन लिहितो. पोहरादेवी ते ऐकून चार लिहिते, मग मानोरा पाच. आकडा फुगत जातो आणि कारंजाकडे निघालेली माहितीची पाकिटे या दोन गावांमध्ये येरझारा घालत राहतात. हेड्रिक यांच्या दस्तऐवजाने यावर उपाय म्हणून सोळा हा आकडाच अनंत मानला. सोळा झाले की वाट मेली असे समजायचे. त्यामुळे येरझाऱ्यांना शेवट मिळाला, पण पंधरा टप्प्यांपेक्षा लांबचे जाळेही अशक्य झाले. ज्याच्याकडून खबर मिळाली त्यालाच ती परत सांगायची नाही, असाही एक नियम होता. दोन गावांपुरता तो चालतो. दिग्रसचा राउटर मध्ये आला आणि त्रिकोण झाला की शिळी खबर तिसऱ्या बाजूने फिरून येते.

या कोड्याचे मूळ एकच आहे. खबरीवर तारीख नाही.

तारीख घालणे वाटते तितके सोपे नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा २७ ऑक्टोबर १९८० चा आहे. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने वर्षभरापूर्वीच जुनी पद्धत सोडून नवी स्वीकारली होती. या नव्या पद्धतीत प्रत्येक राउटर आपल्याला जोडलेल्या तारांची स्थिती साऱ्या जाळ्याला कळवतो. प्रत्येक कळवणीवर अनुक्रमांक असतो आणि मोठा अनुक्रमांक म्हणजे नवी खबर. अनुक्रमांकाला सहा बिट दिले होते. म्हणून तो शून्यापासून त्रेसष्टपर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येई. गोल फिरणाऱ्या आकड्यांत नवा कोण, हे ठरवायला नियम असा होता की अर्ध्या वर्तुळापर्यंत जो पुढे असेल तो नवा.

त्या दिवशी एका यंत्राच्या स्मृतीत बिट गळाले. चव्वेचाळीस क्रमांकाच्या कळवणीतला एक बिट गेला की चाळीस होतात आणि चाळिसातला आणखी एक गेला की आठ. एकाच यंत्राच्या नावाने आठ, चाळीस आणि चव्वेचाळीस अशा तीन कळवण्या एकाच वेळी जाळ्यात फिरू लागल्या. नियमाप्रमाणे आठापेक्षा चाळीस नवा, चाळिसापेक्षा चव्वेचाळीस नवा आणि चव्वेचाळिसापेक्षा आठ नवा! प्रत्येक राउटरने इमानदारीने जुनी टाकून नवी खबर उचलली आणि शेजाऱ्याला दिली. हे चक्र थांबेना. अशा कळवण्यांना अग्रक्रम असल्याने यंत्रांना दुसरे काही करायला वेळच उरला नाही. एखादे यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तरी शेजारी त्याला लगेच तीच तीन खबरींची माळ सोपवत. सारे जाळे काही तास निकामी झाले आणि शेवटी त्या एका यंत्राच्या कळवण्यांकडे दुर्लक्ष करा, असे सगळ्यांना शिकवून ते सोडवावे लागले.

एरिक रोझेन यांनी या घटनेचे वर्णन १९८१ मध्ये आरएफसी ७८९ म्हणून प्रसिद्ध केले. मला हा दस्तऐवज अत्यंत आदरणीय वाटतो. त्यात कोणावर बोट रोखलेले नाही. प्रत्येक घटक आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर वागत असताना सगळे मिळून चुकीचे कसे झाले, ते शांतपणे उलगडले आहे. राडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये अशा प्रसारणाला तोल सांभाळायला शिकवणारी रचना मांडली. पुढे जॉन मॉय यांनी लिहिलेल्या ओएसपीएफ प्रोटोकॉलमध्ये हा धडा मुरलेला दिसतो. तिथे अनुक्रमांक बत्तीस बिटांचा आहे, तो गोल फिरत नाही, प्रत्येक खबरीला वय आहे आणि तासाभरात ताजी न झालेली खबर बाद होते. ओएसपीएफचा पहिला मसुदा १९८९ चा आणि आज वापरात असलेली आवृत्ती एप्रिल १९९८ ची. आज आपल्या बँका, रेल्वे आणि महाविद्यालयांच्या जाळ्यांत जे बिनबोभाट चालते, त्यात त्या ऑक्टोबरची शिकवण आहे.

पण संपूर्ण नकाशा सांभाळणे प्रत्येक यंत्राला परवडत नाही. लहान, स्वस्त, हलणारी यंत्रे असतील तर अंतर आणि दिशा हीच पद्धत सोयीची. तिला फक्त तारीख हवी. ती तारीख १९९४ मध्ये मिळाली. लंडनमध्ये झालेल्या सिगकॉम परिषदेत चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी डीएसडीव्ही नावाची पद्धत मांडली. भागवत तेव्हा मेरीलँड विद्यापीठात होते. पुढे ते एअरटाइट नेटवर्क्स या वायरलेस सुरक्षेच्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. या कंपनीचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते आणि मोजो नेटवर्क्स असे नाव घेतल्यावर २०१८ मध्ये ती अरिस्टाने विकत घेतली. मराठी वाचकाला या विषयात आपल्या जवळची वाट हवी असेल तर ती इथे आहे.

त्या निबंधातली कल्पना एका वाक्यात मावते. कारंजाबद्दलच्या खबरीवर अनुक्रमांक टाकण्याचा अधिकार फक्त कारंजाचा. वाटेतल्या कोणी तो वाढवायचा नाही. कारंजा सम अंक वापरतो. अपवाद एकच: तार तुटल्याचे ज्या शेजाऱ्याच्या लक्षात येते तो त्या अंकाच्या पुढचा विषम अंक टाकून ‘अंतर अनंत’ असे जाहीर करतो. कारंजा पुन्हा जागा झाला की त्याचा पुढचा सम अंक त्या अशुभ बातमीवर मात करतो. मघाचे उदाहरण आता पुन्हा पाहा. पोहरादेवीची ‘दोन टप्पे’ ही खबर मानोऱ्याकडे येते, पण तिच्यावरचा अंक मानोऱ्याच्या हातातल्या अंकापेक्षा जुना असतो, म्हणून मानोरा ती ऐकत नाही. येरझारा सुरूच होत नाहीत. निबंधात आणखी एक व्यवहारी गोष्ट होती. हवेतून येणाऱ्या खबरी कधी आधी वाईट वाट घेऊन येतात आणि क्षणभराने चांगली. त्यामुळे प्रत्येक बदल लगेच ओरडून सांगण्याआधी थोडे थांबायचे आणि किती थांबायचे ते मागच्या अनुभवावरून ठरवायचे.

डीएसडीव्ही स्वतः मानक झाली नाही. तिच्यातून निघालेली एओडीव्ही जुलै २००३ मध्ये आरएफसी ३५६१ झाली, पण ‘प्रायोगिक’ या शिक्क्यासह. त्या काळात फिरत्या यंत्रांच्या जाळ्यांवर निबंधांचा पूर आला होता आणि त्यातले बहुसंख्य संगणकावरच्या नकली जाळ्यात तपासलेले होते. घराच्या भिंती, झाडे आणि पत्र्याची छपरे त्या नकली जाळ्यात नसत.

ती उणीव केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीच्या रूफनेट प्रकल्पाने दाखवून दिली. छपरांवर अँटेना लावून त्यांनी खरे जाळे उभारले. टप्पे मोजून वाट निवडली की राउटर नेमकी सर्वांत लांबची, म्हणजेच सर्वांत गळकी उडी निवडतो, असे २००३ मध्ये त्यांनी मोजून मांडले. एका लांब उडीत निम्म्याहून जास्त पाकिटे हरवत असतील तर दोन भक्कम लहान उड्या बऱ्या. म्हणून एक पाकीट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावे लागते, हेच वाटेचे मोल धरायचे. पाणी-चाऱ्याचा हिशोब तो हाच.

या सगळ्या धाग्यांना एकत्र विणणारा बेबल हा प्रोटोकॉल पॅरिसच्या विद्यापीठातले युलियुश ख्रोबोचेक यांनी घडवला. एप्रिल २०११ मध्ये तो आरएफसी ६१२६ म्हणून, पुन्हा ‘प्रायोगिक’ शिक्क्यासह, प्रसिद्ध झाला. आपण कोणाकडून काय घेतले हे दस्तऐवज सुरुवातीलाच सांगतो. त्यात डीएसडीव्ही आणि एओडीव्हीची नावे आहेत आणि सिस्कोच्या ईआयजीआरपीचे नावही आहे. ईआयजीआरपीचा गणिती पाया गार्सिया-लुना-असेवेस यांच्या १९९३ च्या निबंधाचा. तो प्रोटोकॉल वर्षानुवर्षे एका कंपनीच्या मालकीचा राहिला आणि त्याचे वर्णन आरएफसी म्हणून प्रसिद्ध व्हायला २०१६ साल उजाडले. कल्पना उत्तम असूनही ती इतकी वर्षे दुसऱ्याच्या यंत्रात मोकळेपणे जाऊ शकली नाही, याची मला खंत वाटते.

बेबलचे हृदय म्हणजे एक अट. प्रत्येक राउटर लक्षात ठेवतो की कारंजाचे जास्तीत जास्त किती चांगले, म्हणजे कमीत कमी अंतर आपण आजवर दुसऱ्यांना सांगितले. शेजाऱ्याचे अंतर त्याहून कमी असेल तरच त्याची वाट घ्यायची. कारण त्याचे अंतर आपण कधीही सांगितलेल्या अंतराहून कमी असेल तर त्याची वाट आपल्यावरून जाणे शक्यच नाही. अट इतकी साधी आहे, तरी वेटोळी वाट तयारच होत नाही हे तिच्यावरून सिद्ध करता येते. तिची किंमतही आहे. चांगली वाट तुटली आणि उरलेली एकमेव वाट लांबची असेल तर अट तीही नाकारते आणि राउटर उपाशी राहतो. तेव्हा तो शेजाऱ्यांमार्फत थेट कारंजाला निरोप धाडतो, ‘तुझा अनुक्रमांक वाढव.’ कारंजा एकाने वाढवतो. नव्या अंकाची खबर आली की जुना हिशोब पुसला जातो आणि लांबची वाटही मान्य होते. डीएसडीव्हीत हा अंक ठरावीक वेळाने वाढत राही. बेबलने गरज पडेल तेव्हा तो मागून घ्यायची सोय केली. बदल वरवर लहान दिसतो, पण हलत्या जाळ्यात वाट पुन्हा सापडायला लागणारा वेळ त्यामुळे कितीतरी कमी होतो.

पाकिटांची रचनाही साधीच. प्रत्येक बेबल पाकीट बेचाळीस या अंकाने सुरू होते. राउटर साधारण दर चार सेकंदांनी ‘मी आहे’ अशी हाळी देतो आणि ज्यांची हाळी ऐकू येते त्यांना ‘तू ऐकू आलास’ असे उलट कळवतो. हवेत हे दोन्ही लागते. मला तुम्ही ऐकू येता म्हणून तुम्हाला मी ऐकू येतोच असे नाही.

आता पुस्तकाच्या मुख्य विषयाकडे. २०११ मध्ये प्रोटोकॉल चालत होता, त्याची बेबलडी ही आज्ञावली कोणालाही फुकट मिळत होती, ती वापरणारी जाळीही होती. मग मानक व्हायला जानेवारी २०२१ का उजाडावा लागला? या दहा वर्षांत नेमके काय झाले?

पहिली गोष्ट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी तो लिहिला. टोके हॉयलँड-योर्गेनसन यांनी बर्ड या प्रसिद्ध राउटिंग आज्ञावलीत दस्तऐवज वाचून बेबल नव्याने उतरवला. मूळ लेखकाच्या मनात असलेले पण कागदावर न आलेले प्रत्येक गृहीत अशा वेळी उघडे पडते. जिथे दुसऱ्याला प्रश्न पडतो, तिथे वाक्य अपुरे असते. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत स्वतंत्रपणे लिहिलेल्या आणि एकमेकांशी बोलू शकणाऱ्या आज्ञावलींना जो मान आहे, तो याचसाठी. तिथे सभासदत्व नाही आणि मतदानही नाही. चालणारी आज्ञावली आणि सर्वसाधारण सहमती यांवर निर्णय होतात.

दुसरी गोष्ट विस्ताराची, आणि या पुस्तकातला माझा सर्वांत आवडता भाग तो आहे. प्रोटोकॉल जिवंत राहायचा तर उद्या त्यात नवे काही घालता आले पाहिजे आणि आजच्या जुन्या यंत्रांनी त्यामुळे बिथरता कामा नये. सुरुवातीचा नियम होता, ‘न कळणारी पुरवणी सोडून द्या, बाकीचे वाचा.’ बहुतेक वेळा हे योग्यच. पण समजा खबर अशी आहे: ‘ही वाट फक्त अमुक पत्त्यावरून आलेल्या पाकिटांसाठी आहे.’ जुन्या यंत्राने ती पुरवणी गाळून बाकीचे वाचले तर त्याला ती वाट सगळ्यांसाठी खुली वाटेल आणि जाळ्यात वेटोळे तयार होईल. म्हणजे काही पुरवण्या न कळल्या तर पूर्ण खबरच टाकून देणे सुरक्षित. सुधारित दस्तऐवजात पुरवणीच्या क्रमांकातला सर्वांत वरचा बिट यासाठी राखून ठेवला. तो लागलेला असेल आणि पुरवणी कळली नाही तर ती खबर मुळीच घ्यायची नाही. एका बिटाने भविष्यातल्या अनोळखी लेखकाला आजच्या यंत्राशी बोलायची सोय करून दिली. इतकी दूरदृष्टी एका जागी बसून सुचत नाही. प्रत्यक्ष विस्तार लिहून पाहताना ती येते.

तिसरी गोष्ट विश्वासाची. राउटर शेजाऱ्यावर विश्वास ठेवतो आणि हा विश्वास किती महाग पडू शकतो हे २४ फेब्रुवारी २००८ ला जगाने पाहिले. पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत यूट्यूब बंद करायला टाकलेली वाट चुकून बाहेर पसरली आणि जगभरातली यूट्यूबची वाहतूक सुमारे दोन तास तिकडे वळली. तिथला प्रोटोकॉल वेगळा होता, मोठ्या जाळ्यांमधल्या वाटा ठरवणारा बीजीपी. बेबलच्या आरएफसी ८९६७ ने प्रत्येक पाकिटावर गुप्त किल्लीची मोहोर बसवली. पण मोहोर खरी असूनही पाकीट कालचे असू शकते. चोराने काल टिपून ठेवलेले पाकीट आज पुन्हा सोडले तर? म्हणून पाकिटांना वाढता क्रमांक दिला. नुकत्याच सुरू झालेल्या, काहीच आठवत नसलेल्या राउटरने शेजाऱ्याला एक आगळा आकडा पाठवायचा आणि तो उत्तरात परत आला तरच त्याला मानायचे, असे ठरले. १९८० चा प्रश्न चोराच्या रूपाने पुन्हा दारात उभा राहिला होता. अर्थात शेजारी खरा असूनही त्याचे म्हणणे चुकीचे असू शकते. पाकिस्तानच्या प्रसंगात नेमके तेच झाले होते आणि त्यावर ही मोहोर उपाय नाही. वाचकाने हा फरक मनाशी पक्का धरावा.

मूळ प्रोटोकॉल आणि त्याच्या विस्ताराचे नियम मिळून आरएफसी ८९६६ झाला. ख्रोबोचेक यांच्याबरोबर डेव्हिड शिनाझी हे त्याचे सहलेखक. अशा दस्तऐवजाची भाषा शिकावी लागते. सक्ती, शिफारस आणि मुभा यांसाठी मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ ने ठरावीक शब्द नेमून दिले आहेत. कुठे सक्ती करायची आणि कुठे मुभा ठेवायची, यावरच सर्वांत जास्त चर्चा होते, कारण मुभेच्या प्रत्येक जागी दोन यंत्रांचे वागणे वेगळे होऊ शकते. बेबलने अटीबद्दल सक्ती केली आणि वाटेचे मोल कसे काढायचे याची मुभा ठेवली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. दर टप्प्याला मोल वाढत असले की वेटोळे न होण्याची हमी ते कसे काढले यावर अवलंबून राहत नाही, त्यामुळे डोंगरातल्या जाळ्याने आपला हिशोब वेगळा ठेवला तरी बिघडत नाही.

मानक व्हायला इतका वेळ फक्त बेबललाच लागला असे नाही. बीजीपीची कथा इथे थोडक्यात पुरे. जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिनला याकोव्ह रेख्टर आणि कर्क लॉहीड यांनी जेवताना कागदी रुमालांवर त्याचा आराखडा काढला आणि त्याच जूनमध्ये तो आरएफसी ११०५ झाला. आज वापरात असलेली चौथी आवृत्ती जानेवारी २००६ मध्ये आरएफसी ४२७१ म्हणून स्थिरावली. रुमालापासून तिथपर्यंत सतरा वर्षे.

हे सारे मराठीत आणि वाशीमसारख्या जिल्ह्याला डोळ्यांसमोर ठेवून का लिहायचे? ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. आज आपण तिला भारतनेट म्हणतो. सुरुवातीची बरीच जोडणी सरळ रेषेतली होती. रस्त्याच्या कामात एका ठिकाणी केबल तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. ४ ऑगस्ट २०२३ ला मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वलयाकार जोडणी स्वीकारली आहे. वलय झाले म्हणजे वाट दोन बाजूंनी उपलब्ध झाली, पण तुटले कुठे हे ओळखून दुसऱ्या बाजूने वळणारा प्रोटोकॉल आणि तो समजणारा तालुक्यातला माणूस असेल तरच त्या वलयाचा उपयोग. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते. वाडी, तांडा, आश्रमशाळा त्यापुढे असतात. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने हा शेवटचा पल्ला वायरलेसने गाठून दाखवला आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखालचे ते काम आपल्या प्रत्येक डोंगराळ तालुक्याने अभ्यासावे असे आहे.

मानोरा, पुसद, कारंजा, वाशीम इथल्या पदविका आणि पदवीच्या मुलांना जाळ्यांचा विषय बहुधा परीक्षेपुरता भेटतो. रिपची व्याख्या पाठ होते, सोळा का, ते कोणी सांगत नाही. या मुलांनी मूळ दस्तऐवज उघडावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. आरएफसी फुकट आहेत. ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली चालेल असे जुने राउटर शहरांत कमी किमतीत मिळतात आणि बेबल त्यांवर चालतो. तीन राउटर, तीन खोल्या आणि एक तार ओढायला माणूस, एवढ्यावर पहिली चार प्रकरणे करून पाहता येतात. रामनवमीच्या यात्रेत मोबाइल मनोऱ्यांवर ताण येतो तेव्हा मदत केंद्रे, दवाखाना, हरवलेल्या मुलांचा कक्ष आणि पाण्याच्या टाक्यांवरचे कार्यकर्ते यांच्यासाठी चार दिवसांचे स्वतंत्र जाळे उभारणे, हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा अगदी योग्य प्रकल्प होईल. तंबू हलतात, गर्दी लहरी शोषते, कोणी प्लग काढते. रूफनेटवाल्यांना छपरांवर जे शिकायला मिळाले, ते इथे मैदानावर मिळेल.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडे. पहिल्या भागात अंतर-दिशा पद्धत आणि तिची येरझार हाताने कागदावर काढून दाखवली आहे. हा भाग वाचून पुढे जाण्यापेक्षा काढून पुढे जावे. दुसऱ्या भागात १९८० चा प्रसंग बिटांसह आहे. तिसरा भाग बेबलचा, अटीच्या सिद्धतेसह. गणित बारावीपलीकडचे नाही. चौथ्या भागात आरएफसी ६१२६ आणि ८९६६ हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून कुठे काय बदलले आणि का, ते पाहिले आहे. घाईत असलेल्या वाचकाने तिसरा भाग सोडला तरी चालेल, चौथा सोडू नये.

अखेरचे प्रकरण उघड्या प्रश्नांचे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६१६ ने बेबलमध्ये पाकिटाला लागणारा वेळ हे वाटेचे मोल म्हणून मोजायची सोय केली. यात धोका असा की रिकामी वाट जलद दिसते, सगळे तिकडे वळतात, ती भरते, मग सगळे परत फिरतात. दस्तऐवजाने हे झोके आवरायला मोजमाप गुळगुळीत करणे, मोलाला वरची मर्यादा घालणे आणि वाट बदलताना सावकाशी बाळगणे, असे उपाय दिले आहेत. हजारो फोन एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सरकत असताना ही सावकाशी किती सेकंदांची असावी, हे खऱ्या गर्दीत मोजूनच ठरेल. त्यासाठी लागणारी साधने, नोंदीचे तक्ते आणि मोजणीची पद्धत त्या प्रकरणात दिली आहे.